महानगराचा प्रकाशतंतू शहापूर-मुरबाडच्या वेशीवर



ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके एकमेकांना खेटून वसलेले आहेत. एकात माहुलीचा किल्ला आणि कसाऱ्याचा घाट, दुसऱ्यात माळशेज आणि नाणेघाटाकडे चढणारी जुनी वाट. दोन्ही मिळून दोनशेहून अधिक ग्रामपंचायती आणि त्यांच्या पोटात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे असंख्य पाडे. मुंबई येथून फार दूर नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पीत आले आहेत आणि पुढे भातसा धरणाने त्या शहराच्या तहानेचा फार मोठा भार उचलला. ज्या तालुक्यातून हे पाणी जाते तेथील अनेक पाड्यांवर मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट येथील शिक्षकांना आणि सरपंचांना सांगण्याची आवश्यकता नाही.

पाण्याच्या या जुन्या दुखण्याची आठवण काढण्याचे कारण असे की, दुसऱ्या एका प्रवाहाच्या बाबतीतही तेच घडत आले आहे. मुंबईहून नाशिककडे आणि तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या दूरसंचाराच्या वाटा महामार्गाच्या व लोहमार्गाच्या कडेने याच तालुक्यातून गेल्या आहेत. जमिनीखालच्या नळ्यांतील केसाएवढ्या काचेच्या तंतूंमधून बँकांचे हिशेब, दूरध्वनीवरील संभाषणे, चित्रे आणि चलच्चित्रे वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकून क्षणार्धात पुढे निघून जातात. आणि रुळांपासून काही किलोमीटर आत शिरावे, तर शिधावाटप दुकानातील यंत्र अंगठ्याचा ठसा स्वीकारीत नाही, सातबाऱ्याचा उतारा निघता निघत नाही, आणि आपले सरकार सेवा केंद्रापुढे ताटकळलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ असे सांगावे लागते. तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो आणि एस. टी. चे भाडेही वाया जाते. हे का घडते आणि बदलावयाचे तर नेमके काय बदलावे लागते, हे कळण्यासाठी थोडे तंत्र समजून घेणे भाग आहे. ते वाटते तितके अवघड नाही.

मुंबई आणि आग्रा यांना जोडणारी तार १८५४ मध्ये सुरू झाली. मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये उघडले. प्रारंभीच्या त्या काळात एका जोडतारेवर एका वेळी एकच संभाषण चाले. कल्याणच्या शंभर माणसांना एकाच वेळी मुंबईशी बोलावयाचे असेल, तर तांब्याच्या शंभर जोडतारा लागणार, हा सरळ हिशेब. तांबे महाग, खांबांवर जागा अपुरी, आणि शहर तर वाढतच चाललेले. तेव्हा एकाच वाटेवरून अनेक संदेश एकमेकांत न मिसळता कसे न्यावेत, हा प्रश्न अभियंत्यांपुढे उभा राहिला. त्याच्या उत्तराला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. शब्द जड आहे. कृती मात्र कल्याण जंक्शनवर रोज दिसणारी आहे. कसाऱ्याहून येणारी लोकल आणि कर्जतहून येणारी लोकल कल्याणला एकत्र येतात आणि तेथून मुंबईपर्यंत त्याच रुळांवरून, एकीमागे एक, वेळापत्रकाने ठरवून दिलेल्या क्षणी धावतात. रूळ तेच, गाड्या अनेक. त्यांना वेगळे ठेवते ती वेळ.

आवाजाच्या बाबतीत हे असे करतात. बोलणाऱ्याच्या आवाजाचे दर सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेतात आणि प्रत्येक मोजमाप शून्य आणि एक या आठ चिन्हांत लिहितात. म्हणजे एका संभाषणासाठी सेकंदाला ६४,००० चिन्हे झाली. दोन मोजमापांच्या मधला काळ एका सेकंदाचा आठ हजारावा भाग. माणसाला तो क्षणाचाही अंश वाटणार नाही, पण विद्युत यंत्राला तो पुष्कळ होतो. तेवढ्या काळात ३२ डब्यांची एक गाडी सोडतात. तीस डब्यांत तीस संभाषणांचे एकेक मोजमाप बसते, उरलेले दोन डबे गाडीची ओळख आणि खुणा यांसाठी राखलेले असतात. अशा गाड्या एकत्र जोडून मोठ्या गाड्या, त्या जोडून आणखी मोठ्या, अशी ही उतरंड चढत जाते.

तथापि तांब्याची मर्यादा लवकरच आड आली. तिच्यावर उपाय सापडला तो काचेत. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह लंडनमध्ये केलेल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दाखविले. काच पुरेशी शुद्ध केली तर हाच प्रकाश दूरवर संदेश नेऊ शकेल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये मांडले. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना २००९ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी मिळाले. येथे महाराष्ट्राने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. भारतात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजना प्रकाशतंतूने जोडण्याचा पहिला प्रयोग पुण्यात झाला, आणि तोही १९७९ मध्ये. घरी दूरध्वनी मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव राखून बसत, तो हा काळ.

आजच्या तंतूची काच इतकी निर्मळ असते की, योग्य तरंगलांबीचा प्रकाश पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक राहतो. त्यामुळे आसनगावला सोडलेला प्रकाश वाटेत कोणतेही यंत्र न लावता कल्याणला सहज ओळखता येतो. आणि याच तंतूत रेल्वेची उपमा अपुरी पडते. एका रुळावर दोन गाड्या एकाच वेळी एकाच जागी असू शकत नाहीत. प्रकाशाचे दोन रंग मात्र असू शकतात. इंद्रधनुष्याचे रंग पांढऱ्या उन्हात एकत्र नांदतात आणि लोलकातून पाहिले की वेगळे होतात, त्याप्रमाणे एका तंतूत वेगवेगळ्या रंगांचे प्रकाशकिरण एकत्र सोडता येतात आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा निराळे करता येतात. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. ते तांबड्याच्या पलीकडचे असतात आणि दोन शेजारच्या रंगांत एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी अंतर असते. अशा ८० रंगांपैकी प्रत्येकावर सेकंदाला १०० अब्ज चिन्हे पाठविणारी यंत्रे आता महानगरांत सर्रास बसविली जातात. कागदावर गणित मांडले तर एका तंतूत एका दिशेने साडेबारा कोटी दूरध्वनी-संभाषणे मावतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती!

मग एवढी प्रचंड क्षमता दारावरून जात असता गावाला ती का मिळत नाही? याचे उत्तरही आसनगावच्या फलाटावर उभे राहिले की सापडते. उत्तरेकडील मेल आणि एक्स्प्रेस गाड्या तेथून धडधडत निघून जातात, थांबत नाहीत. गाडी थांबण्यासाठी नुसते रूळ असून भागत नाही. थांबा लागतो, फलाट लागतो, चढउतार करून घेणारी माणसे लागतात. प्रकाशतंतूवरही तसेच आहे. जेथे एखादा रंग उतरवून घ्यावयाचा आणि त्याच्या जागी दुसरा चढवावयाचा, तेथे त्यासाठी खास उपकरण बसवावे लागते. त्याला वीज हवी, थंड जागा हवी, देखरेख हवी. लांब पल्ल्याच्या वाटेवर दर गावाला असा थांबा देणे कोणालाच परवडत नाही. म्हणून शहरात एक निराळी रचना आकाराला आली, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

मुंबई-ठाण्यासारख्या महानगरात पूर्वी प्रत्येक सेवेचे जाळे वेगळे असे. दूरध्वनीचे वेगळे, बँकांच्या व कारखान्यांच्या भाड्याच्या तारांचे वेगळे, दूरचित्रवाणीच्या केबलचे वेगळे. एकाच रस्त्याला तीन तीन वेळा चर खणले जात. नव्या रचनेत हे सारे एकाच जाळ्यात आणले गेले. वाटेवरील केंद्रांत अशी यंत्रे बसली की, जी संभाषण, हिशेब आणि चित्र असा भेद न करता आलेला माल स्वीकारतात आणि ज्याला जी निकड असेल त्याप्रमाणे त्याला पुढे धाडतात. हे काम कसे चालते हे टपालखात्याच्या जुन्या सेवकांना चटकन कळेल. रेल्वेच्या टपालडब्यातील सॉर्टर थैलीतील प्रत्येक पत्र उघडून वाचीत नसे. तो थैलीला बांधलेली चिठ्ठी पाहून ती योग्य ठिकाणी उतरवी. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली पिनकोडची पद्धतही याच विचारावर उभी आहे. शहापूरचा ४२१६०१ आणि मुरबाडचा ४२१४०१ हे आकडे वाचणाऱ्याला पहिल्या तीन अंकांतच कळते की, टपाल कल्याणच्या बाजूला जावयाचे आहे. पुढचा पत्ता पुढचा माणूस पाहील. आधुनिक स्विचही माहितीच्या प्रत्येक पुडक्याला एक छोटी चिठ्ठी डकवितो. पुढचे यंत्र केवळ ती चिठ्ठी पाहते, स्वतःची नवी चिठ्ठी लावते आणि पुडके पुढे ढकलते. तातडीच्या थैलीला आधी वाट मिळते. दवाखान्यातील डॉक्टरचा रुग्णाशी चाललेला संवाद मध्येच तुटता कामा नये. कुणाचा चित्रपट क्षणभर अडखळला तरी चालेल.

या रचनेचे दुसरे अंग म्हणजे कडे. महानगरातील केंद्रे एका रेषेत न जोडता वर्तुळात जोडली जातात. एका बाजूला केबल तुटली तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येतात, आणि हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागात घडतो, बोलणाऱ्याला कळतही नाही. एकाच वाटेवर विसंबून राहण्याचा धोका या भागाला इतिहासानेही शिकविला आहे. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले आणि त्याचा फटका मुंबईच्या कारखान्यांना व रेल्वेला बसला. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. त्या लढ्याचे मोल निराळे. पण एक तार तुटली की सारे शहर कसे अडते, हे त्यावेळी सर्वांनी पाहिले.

आता तालुक्याकडे वळू. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची राष्ट्रीय योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम महानेट या नावाने स्वतःकडे घेतले. प्रत्येक ग्रामपंचायतीला सेकंदाला किमान १०० दशलक्ष चिन्हे, म्हणजे बोलीभाषेत शंभर एम. बी. पी. एस., पोचविणे हे उद्दिष्ट. त्यासाठी निवडलेली पद्धत काटकसरीची आणि मोठी मार्मिक आहे. एक्स्चेंजमधून निघालेला एकच तंतू वाटेत एका लहानशा काचेच्या फाटणीतून आठ, सोळा, बत्तीस शाखांत विभागला जातो. या फाटणीला वीज लागत नाही, पंखा लागत नाही. वीजपुरवठ्याचा भरवसा नसलेल्या भागात ही गोष्ट लाखमोलाची आहे. एक्स्चेंजकडून येणारा प्रकाश सर्व शाखांत सारखाच जातो, आणि प्रत्येक पंचायतीतील यंत्र आपल्या नावाचे तेवढे उचलते. उलट दिशेने मात्र सर्वांनी एकदम बोलून चालणार नाही. तेथे ग्रामसभेचा नियम लागू होतो. अध्यक्ष ज्याचे नाव पुकारील त्याने, आणि दिलेल्या वेळेपुरतेच बोलावे. लांबच्या पंचायतीचा प्रकाश उशिरा पोचणार, हे धरून एक्स्चेंजमधील यंत्र प्रत्येकाचे अंतर आधी मोजून ठेवते, म्हणजे दोघांचे बोलणे वाटेत एकमेकांवर आदळत नाही. या शाखा सुमारे वीस किलोमीटरपर्यंत पोचतात.

उणीव होती ती अशी की, या शाखा झाडाच्या फांद्यांसारख्या आहेत. फांदी जेथे मोडेल तेथून पुढचे सारे वाळते. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने एका ठिकाणी केबल उखडली की पुढच्या साऱ्या पंचायती एकाच क्षणी मुक्या होतात. गेल्या काही वर्षांत या भागात खोदाई थोडी झालेली नाही. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच जातो. त्यात काळा कातळ, तानसा अभयारण्याच्या परिसरात वनखात्याच्या परवानगीवाचून कुदळ मारता न येणे, आणि चार महिन्यांचा कोकणी पाऊस. एकदा केबल टाकून छायाचित्र काढले की काम संपले, हा समज अनेक योजनांना भोवला आहे. या योजनेलाही तो काही प्रमाणात भोवला, हे मान्य केले पाहिजे.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातील दोन गोष्टी शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे फांद्यांऐवजी कडी. तालुक्याचे ठिकाण आणि ग्रामपंचायती वर्तुळात जोडावयाच्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी वर वर्णिलेले चिठ्ठी पाहून माल धाडणारे स्विच बसवावयाचे. महानगरासाठी घडलेली रचना अशा रीतीने प्रथमच तालुक्यापर्यंत येत आहे. दुसरी म्हणजे उभारणीनंतर दहा वर्षांची देखभाल कंत्राटाचाच भाग करण्यात आली. कड्याचा लाभ कसा होईल हे नकाशावर बोट फिरवून पाहावे. कल्याण, वासिंद, शहापूर, तेथून किन्हवली, सरळगाव, मुरबाड आणि परत कल्याण, असे एक कडे रस्त्यांनी आजच तयार आहे. तंतूचे कडे याच मार्गाने जाईल असे नाही. परंतु असे कडे असेल तर वासिंदजवळ केबल तुटली तरी शहापूरचे बोलणे मुरबाडमार्गे कल्याणला पोचेल. मुरबाडला रेल्वे नाही. निदान प्रकाशाची शटल तरी दोन्ही बाजूंनी धावेल.

मुरबाड तालुक्यातील धसईचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नोटाबंदीनंतर काही दिवसांतच, १ डिसेंबर २०१६ रोजी, धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. बाजारपेठेतील दुकानदारांनी कार्ड स्वीकारणारी यंत्रे घेतली आणि वडापावाचे पैसेही कार्डाने देता येतात म्हणून दूरदूरचे वार्ताहर तेथे आले. पुढे नेटवर्कच्या तक्रारी वाढल्या आणि रोख पुन्हा गल्ल्यात आली, याच्याही बातम्या झाल्या. धसईच्या व्यापाऱ्यांचा उत्साह खोटा नव्हता. आधी वाट बांधावी आणि मग गाडीचे वेळापत्रक छापावे, हा क्रम तेथे उलटा झाला होता. पुढच्या काळात मोबाईलवरून पैसे देण्याची पद्धत खेडोपाडी रुळली. परंतु मोबाईलच्या मनोऱ्यालाही मागून भक्कम तंतू लागतो, तो नसेल तर पडद्यावर चार दांड्या दिसूनही पैसे पुढे सरकत नाहीत.

पंचायतींच्या हाती यातले काय आहे, असा प्रश्न साहजिक आहे. तंतू टाकणे त्यांच्या हाती नाही. टिकविणे बरेचसे आहे. केबल साधारणतः १६५ सेंटिमीटर खोल चरात, नळीतून नेण्याचा दंडक आहे, मात्र कातळात ती पुष्कळ वर असू शकते. नळपाणी योजनेचा किंवा गटाराचा चर खणण्यापूर्वी खाली काय आहे याची चौकशी करण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाईल ॲप केंद्र शासनाने सुरू केले. ठेकेदाराला कार्यादेश देताना त्यावर नोंद केल्याचा पुरावा मागावा. यात पंचायतीचा एक पैसा खर्च होत नाही. दुसरी बाब विजेची. फाटणीला वीज लागत नसली तरी पंचायतीतील यंत्राला लागते. वीजबिल वाचविण्यासाठी संध्याकाळी कार्यालयाचे मुख्य बटण बंद करण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. त्याबरोबर शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि अंगणवाडी यांना त्या यंत्रावरून दिलेली जोडणीही बंद पडते. काही वॉटची बचत करून एवढ्यांना अंधारात ठेवणारा हा हिशेब चुकीचा आहे. यंत्र निराळ्या बटणावर ठेवावे, बॅटरीची तारीख दप्तरात लिहावी आणि त्या खोलीची किल्ली ग्रामसेवक रजेवर असताना कोणाकडे असते, हे गावाला ठाऊक असावे.

पाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तंतू पोचला म्हणजे दोन डोंगरांपलीकडच्या कातकरी वाडीत तो पोचला असे होत नाही. पंचायतीच्या यंत्रापासून आश्रमशाळेपर्यंतची, उपकेंद्रापर्यंतची जोडणी मागावी लागते, त्यासाठी ठराव करावा लागतो आणि ठरावाचा पाठपुरावा करावा लागतो. ज्या पंचायतींनी हे केले नाही तेथील यंत्र भिंतीवर लुकलुकत राहते आणि त्याचा उपयोग कार्यालयातील एका संगणकापुरता होतो.

जोडणी बंद पडल्यास तक्रार करण्यापूर्वी त्या यंत्रावरील दिवे पाहावेत. बहुतेक यंत्रांवर विजेचा एक दिवा असतो, प्रकाशाच्या जोडणीचा एक आणि प्रकाश न पोचल्याचा एक. विजेचाच दिवा बंद असेल तर केबलवाल्यांना बोलावून उपयोग नाही. दोष वीजपुरवठ्यात किंवा बॅटरीत आहे. वीज आहे, पण तिसरा दिवा तांबडा लुकलुकत असेल, तर तंतू वाटेत कोठेतरी तुटला किंवा वाकला आहे. अशा वेळी शेजारच्या दोन पंचायतींना विचारून पाहावे. त्यांचाही दिवा तांबडा असल्यास तुटण्याची जागा फाटणीच्या अलीकडे, एक्स्चेंजच्या बाजूला आहे. त्यांचा हिरवा असल्यास ती आपल्याच शाखेवर आहे. दुरुस्ती पथकाजवळ तंतूत प्रकाशाचा ठोका सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तुटल्याचे अंतर काही मीटरच्या फरकाने सांगणारे यंत्र असते. तरीही कोणत्या टोकाला ते लावावे, हे त्यांना ठरवावे लागते, आणि गावाने एवढी माहिती दिली तर त्यांचा निम्मा दिवस वाचतो.